जोड न दिसणारी नक्षी

साडीवर, ओढणीवर, पडद्यावर फुलापानांची नक्षी असते. कापडाचा तागा उलगडत गेलो तरी ती कुठे सुरू झाली आणि कुठे संपली, हे कळत नाही. वास्तविक ती एकाच लहान तुकड्याची पुनरावृत्ती असते. त्या तुकड्याला धंद्यात ‘रिपीट’ म्हणतात. त्याचा जोड दिसू न देणे हेच खरे कसब. शेणवा, किन्हवली, मुरबाड या पट्ट्यातील आपल्या मुलामुलींनी ते जरूर शिकावे.

भिवंडी आपल्याला जवळची. तिथल्या यंत्रमागांवर बहुतांशी कोरे, म्हणजे ग्रे कापड निघते. त्यावर काय छापायचे, हे माग चालवणारा ठरवीत नाही. नक्षीचे काम वेगळे आणि त्याचा मोबदलाही वेगळा.

या कामासाठी फोटोशॉप वापरतात, पण ते विकत घ्यावे लागते. १९९६ साली आलेले ‘गिम्प’ मात्र फुकट मिळते. समजा, पिंपळपानाची नक्षी करायची आहे. १६ सेंटिमीटरचा चौकोन घ्या. दर सेंटिमीटरला १०० टिपके धरले तर १६०० बाय १६०० टिपक्यांचे चित्र होते. मधोमध पाने काढा. कडेला काहीही टेकू देऊ नका.

आता लेयर, ट्रान्सफॉर्म, ऑफसेट या क्रमाने जा आणि आडवे ८००, उभे ८०० सरकवा. ‘रॅप अराउंड’ची खूण हवीच. उजवीकडे बाहेर गेलेला भाग डावीकडून आत येतो, खाली गेलेला वरून येतो. मधली पाने चार कोपऱ्यांत विभागली जातात आणि कडांची रिकामी जागा मध्यभागी येते. तिथे नवी पाने भरा. याही वेळी कडेला हात लावू नका. झाला तुकडा तयार! तो शेजारी शेजारी मांडून दूरून पाहा. कुठे पट्टा किंवा भोक दिसले तर पाने थोडी हलवा. पुढची रांग अर्ध्या उंचीने खाली उतरवली तर पानांच्या आडव्या ओळी डोळ्यांत भरत नाहीत.

१६ सेंटिमीटरच का? रोटरी छपाईच्या जाळीदार नळकांड्याचा घेर साधारणपणे ६४ सेंटिमीटर असतो. तुकड्याची उंची ६४, ३२, १६ किंवा ८ असेल तर तो घेरात नेमका बसतो. १५ चा तुकडा चार वेळा बसून चार सेंटिमीटर उरतात, आणि तिथे जोड उघडा पडतो. शिवाय दर रंगाला वेगळे नळकांडे लागते. म्हणून रंग मोजकेच ठेवावेत.

मुंबईच्या गिरण्यांत धोट्याच्या छिद्रातून सूत तोंडाने ओढावे लागे. विटाळाचे कारण सांगून अस्पृश्य कामगारांना जास्त पगाराच्या विणकाम खात्यात घेत नसत. १९२८ च्या गिरणी संपात डॉ. बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठामपणे मांडला. कापडाच्या धंद्यातले वरचे काम आपल्यापासून कसे दूर ठेवले गेले, हे आजच्या पिढीने विसरू नये.

म्हणून शिकलेल्या कसबाचा हक्कही सांभाळावा. डिझाइन कायदा, २००० नुसार कापडाच्या नव्या नक्षीची नोंदणी होते. ती १० वर्षे टिकते आणि ५ वर्षे वाढवता येते. मात्र अर्ज करण्यापूर्वी नक्षी चारचौघांत प्रसिद्ध होता कामा नये. नोंदणी न करता आपल्या परवानगीने ती यंत्रावर ५० हून अधिक वेळा छापली गेली, तर कॉपीराइट कायद्याच्या कलम १५ प्रमाणे तिच्यावरचा कॉपीराइट संपतो. तेव्हा भगिनींनो, फाइल व्यापाऱ्याच्या हाती देण्याआधी मोबदला, मुदत आणि मालकी कोणाची, हे कागदावर लिहून घ्या. तोंडी शब्दावर नक्षी देऊ नका.