पट्टा नेमका कुठे अरुंद झाला?
इन्फोग्राफिकवर लिहायला सांगितलं की बहुतेक मुलं त्यातले आकडेच वाक्यांत उतरवून काढतात. अशा वर्गात शार्ल मिनार या फ्रेंच अभियंत्याचा १८६९चा नकाशा दाखवावा. विषय नेपोलियनची १८१२ची रशियावरची स्वारी. जातानाचा पट्टा फिकट तपकिरी, परतीचा काळा. रुंदी म्हणजे सैनिकांची संख्या, १ मिलिमीटरला १०,०००. नेमान नदीपाशी ४,२२,०००, मॉस्कोत १,००,०००, परत आले १०,०००.

खाली तापमानाची रेघ आहे. ती पाहून मुलं हमखास लिहितात, ‘थंडीनं सैन्य गारद झालं.’ इथेच विचारावं: सर्वांत मोठी घट कुठे दिसते? जाताना, म्हणजे ऐन उन्हाळ्यात! काही तुकड्या वाटेत वेगळ्या झाल्या, ते फाटे नकाशात आहेत. त्या वजा केल्या तरी घट प्रचंडच उरते. आणि तापमान मिनारने फक्त परतीचं दिलंय, तेही रेओमुर मापात.

लेखनाची सुरुवात या निरीक्षणापासून करायला लावावी. कारणं नंतर. नकाशात दिसलेलं कारण कोणतं आणि बाहेरून आणलेलं कोणतं, हे मुलांनी वेगळं लिहावं. साथीचे रोग, उपासमार यांसाठी इतिहासाचं पुस्तकच उघडावं लागतं.