एक्क्याऐंशी कोटी अंडी, पाचशे अडतीस मासे

८१ कोटी ८० लाख. अमेरिकेतल्या यलोस्टोन सरोवरातल्या कट्थ्रोट ट्राउट या माशाची एवढी अंडी १८९९ ते १९५७ या काळात काढून बाहेर पाठवली गेली. मादी हातात धरायची, पोटावरून अंगठा दाबत न्यायचा, नारिंगी अंडी भांड्यात घ्यायची आणि देशभरच्या नद्या-तळ्यांकडे रवाना करायची. एवढ्या उपशाने मासे घटलेच, पण उपसा थांबल्यावर सावरलेही. १९७८च्या हंगामात क्लिअर क्रीक या एका ओढ्यात अंडी घालायला चढलेले मासे मोजले, तर ७०,१०५ भरले.

२००७ साली त्याच ओढ्यात चढले ५३८.

दुष्काळ होता, माशांचा रोगही होता. पण मुख्य घाव घातला लेक ट्राउटने. १८९० मध्ये सरकारनेच हा परका मासा यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातल्या लुईस आणि शोशोनी तळ्यांत सोडला होता. तिथून कुणीतरी तो गुपचूप यलोस्टोन सरोवरात आणला आणि १९९४ साली तो तिथे पहिल्यांदा सापडला. असा एक लेक ट्राउट वर्षाला सुमारे ४१ कट्थ्रोट फस्त करतो.

बरं, एक मासा गेला आणि दुसरा आला, तर मासे खाणाऱ्या अस्वलाचं काय बिघडलं? सगळंच बिघडलं. कट्थ्रोट उथळ ओढ्यांत चढतो, म्हणून तो अस्वलाच्या पंजाला आणि पाणमांजराच्या तोंडाला लागतो. लेक ट्राउट खोल पाण्यात राहतो, अंडीही सरोवरातच घालतो. १९८०च्या दशकाअखेर अस्वलं वर्षाला अंदाजे वीस हजार कट्थ्रोट खात, वीस वर्षांनी जेमतेम तीनशे. भुकेली अस्वलं एल्क हरणांच्या पाडसांकडे वळली. मासेमार घारींची घरटी सरासरी ३८ वरून ३ वर आली.

मग लेक ट्राउट पकडायला उद्यानाने जाळी टाकली. सरोवर केवढं? जवळजवळ ३४० चौरस किलोमीटर, आणि त्याचं पाणी कळसूबाईच्या माथ्याहून सातशे मीटर उंचावर. ऐन हंगामात साठ किलोमीटरहून लांब जाळी एकाच वेळी पाण्यात असतात. काही लेक ट्राउटच्या पोटात रेडिओ ट्रान्समीटर बसवून त्यांना पुन्हा सोडतात. हे घरभेदी आपल्या थव्याचा पत्ता देतात. २०१७ या एका वर्षात जवळपास चार लाख लेक ट्राउट काढले, १९९४ पासून एकूण चाळीस लाखांहून अधिक. सापडलेला मासा बाजारात जात नाही. वाताशय फोडून त्याला सरोवराच्या तळाशीच बुडवतात, म्हणजे त्याच्यातलं पोषण पाण्याबाहेर जात नाही. अलीकडे हीच कलेवरं लेक ट्राउटच्या विणीच्या जागांवर पसरतात. ती कुजताना प्राणवायू संपतो आणि खालची अंडी मरतात. क्रूर वाटतं खरं, पण दुसरा उपाय मला तरी दिसत नाही.

खर्च वर्षाला वीस लाख डॉलरच्या घरात. कट्थ्रोट काही ओढ्यांत परतू लागला आहे, पण जुन्या आकड्यांच्या जवळपासही नाही. जाळी थांबली की लेक ट्राउट पुन्हा वाढणार, म्हणून दर उन्हाळ्यात बोटी निघतात.

तिकडे गळ टाकायला जाणार असाल, तर नियम ध्यानात ठेवा: कट्थ्रोट लागला तर लगेच सोडून द्यायचा. लेक ट्राउट लागला तर जिवंत परत सोडायला सक्त मनाई आहे.