पाण्याच्या रांगेतला दिवस

मुलांनो, चर्चगेटहून लोकलने निघालात की मुंबईच्या हद्दीतले शेवटचे स्थानक लागते, ते दहिसर. राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरात उगम पावलेली दहिसर नदी येथून वाहत जाऊन मनोरीच्या खाडीला मिळते. या बाजूला, तिवरांच्या झाडांना लागून गणपत पाटील नगर ही मोठी झोपडपट्टी आहे. तिवरांच्या जमिनीवर घरे बांधायला कायद्याने परवानगी नसते. त्यामुळे अशा वस्त्यांत घरोघरी नळ देण्यात अडचणी येतात. घरात नळ नसला, की सर्वांत जास्त फरक पडतो तो बाईच्या दिवसात. कसा, ते पाहू.

अशा वस्तीतल्या अतिशय गरीब घरातील बाई पहाटे अंधारातच उठते. तिचे नाव शबाना असो की सुनंदा, पाण्याची रांग एकच असते. रिकामे कॅन ओळीत लावून ती आपल्या पाळीची वाट पाहते. वीस लिटर पाणी म्हणजे वीस किलो वजन! खरे वाटत नसेल, तर एक बादली काठोकाठ भरा आणि ती घेऊन दोन मजले चढून पाहा. ती अशा कितीतरी खेपा करते. मग स्वयंपाक उरकून इमारतींमध्ये धुणीभांडी करायला जाते. पाण्यामुळे उशीर झाला, तर बोलणी खाते. खाडा झाला, तर त्या दिवसाचे पैसे जातात.

आता थोडा हिशेब करू. समजा, वीस लिटरचा एक कॅन पाच रुपयांना मिळाला. म्हणजे हजार लिटरला पन्नास कॅन, अर्थात २५० रुपये. महानगरपालिका मात्र नळाचे तेवढेच पाणी घरांना काही मोजक्या रुपयांत देते. म्हणजे ज्याची कमाई सर्वांत कमी, तोच पाण्याला सर्वांत जास्त पैसे मोजतो. ते पैसे भाजीतून, औषधातून, मुलांच्या वह्यांतून कमी होतात.

आणखी एक त्रास आहे. बाया तो सहसा बोलून दाखवत नाहीत. सार्वजनिक शौचालयापुढेही रांग असते आणि रात्री तेथे जायची भीती वाटते. म्हणून पुष्कळ बाया मुद्दाम कमी पाणी पितात. त्यामुळे लघवीचे आजार होतात.

यावर उपाय नाही का? आहे. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये निकाल दिला. पाणी मिळणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे आणि घर बेकायदेशीर असले तरी माणसाला पाण्यावाचून ठेवता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. पुढे मे २०२२ मध्ये महानगरपालिकेने 'सर्वांसाठी पाणी' हे धोरण आणले. परंतु कागदावरचा हक्क नळापर्यंत पोचायला वेळ लागतो. तोपर्यंत आई कामावर गेली, की रांगेत थोरली मुलगी उभी राहते आणि तिची शाळा बुडते.

तुमच्या वर्गात एखादी मुलगी रोज उशिरा येत असेल, तर तिला हसू नका. तिच्या वस्तीत पाणी किती वाजता येते, ते आधी विचारा. आणि तिचा बुडालेला धडा लिहून घ्यायला तिला आपली वही द्या.