‘फॉर्म बी’ गेला, पण जिना मोकळा आहे का?

रबाळे, महापे, पावणे, तुर्भे. ठाणे-बेलापूर पट्ट्यात रसायनांचे कारखाने, गोदामं, आयटी पार्क आणि डेटा सेंटर एकमेकांना खेटून उभे आहेत. धंदे वेगवेगळे, पण आगीबद्दलचे गैरसमज सगळीकडे तेच.

त्यातला सर्वांत सोयीचा : ‘आमच्याकडे फायर एनओसी आहे, फॉर्म बी वेळेवर जातो.’ महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा हा दाखला परवानाधारक एजन्सीकडून घेऊन वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, द्यावा लागतो. पण तो पंप, हायड्रंट, अलार्मबद्दल बोलतो. ऑगस्टमध्ये जिन्यात जुन्या खुर्च्या रचल्या, तर त्याची नोंद त्यात कुठून येणार? शिवाय एजन्सी नेमली म्हणून जबाबदारी टळत नाही. ती मालकाची आणि भोगवटादाराची, म्हणजे मजला भाड्याने घेतलेल्या कंपनीचीही असते.

‘माणसं भाजून मरतात.’ बहुतेकदा त्याआधी धूर गाठतो. 29 डिसेंबर 2017 ला मध्यरात्रीनंतर मुंबईत कमला मिलच्या आवारात लागलेल्या आगीत 14 जण गेले. त्यांतले बरेचसे आसऱ्यासाठी स्वच्छतागृहात शिरले आणि तिथेच गुदमरले. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि आधी विचारशक्तीच मंदावते. म्हणून जिन्याचं फायर डोअर बंद असणं महत्त्वाचं. प्रत्यक्षात चहावाल्याची आणि सिगारेटवाल्यांची ये-जा सुरू राहावी म्हणून ते दार उघडं ठेवलेलं दिसतं, आणि त्याला टेकू कशाचा, तर आग विझवायच्या लाल सिलिंडरचा! बाहेर पडता आलंच नाही, तर बाहेरच्या बाजूला खिडकी असलेली खोली गाठावी, दार लावून फटीत ओले कपडे कोंबावेत आणि 101 ला मजला नेमका सांगावा.

त्या सिलिंडरबद्दलही एक समजूत आहे : ‘काटा हिरव्यात आहे ना, मग ठीक.’ पावडरच्या सिलिंडरला ते लागू. सर्व्हर रूममध्ये असतो त्या कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला काटाच नसतो, तो वजन करून तपासतात. आणि हातातला सिलिंडर जेमतेम काही सेकंद चालतो. कचऱ्याच्या डब्यातली आग त्याने विझेल, पेटलेलं गोदाम नाही.

‘मागचं दार उघडं ठेवलं तर चोऱ्या होतात.’ 9 मे 2019 ला पुण्याजवळ उरुळी देवाचीत साड्यांच्या दुकानाला पहाटे आग लागली, आत झोपलेले पाच कामगार गेले. दाराला बाहेरून कुलूप होतं. चोराला अडवणारं आणि आतल्याला सोडणारं दार मिळतं : आतून आडव्या दांडीवर भार दिला की उघडतं, बाहेरून उघडत नाही. कार्डाने उघडणारी दारं अलार्म वाजताच आणि वीज गेल्यावर आपोआप सुटतात का, हे मात्र प्रत्यक्ष वीज घालवूनच पाहावं.

‘मॉक ड्रिल झालं.’ झालं खरं, आधी मेल पाठवून, सकाळी अकराला! रात्रपाळी, हाउसकीपिंग, कँटीनची पोरं, कंत्राटी सुरक्षारक्षक यांची नावं एचआरच्या यादीत नसतात. खाली मोजणी त्याच यादीवरून होते. गेटवरच्या रजिस्टरमधली माणसंही धरली नाहीत, तर ‘सगळे बाहेर आले’ या म्हणण्याला अर्थ नाही. व्हीलचेअरवरच्या सहकाऱ्याला कोण उतरवणार, हेही नावानिशी ठरलेलं हवं.

या पट्ट्यातला खास गैरसमज असा, की अलार्म वाजला की बाहेर पळायचं, एवढंच. आग आपल्याच इमारतीत असेल तर बरोबर. पण शेजारच्या कारखान्यातून वायू सुटला, तर पार्किंगमधला ‘असेंब्ली पॉइंट’ नेमका वाऱ्याच्या वाटेवर असू शकतो. अशा वेळी दारं-खिडक्या लावून, बाहेरची हवा ओढणारा एसी बंद करून आत थांबणं अनेकदा शहाणपणाचं. बाहेर निघावंच लागलं, तर वाऱ्याच्या दिशेला आडवं निघावं. त्यासाठी दोन इशाऱ्यांचे आवाज वेगळे हवेत, जमायच्या जागा दोन विरुद्ध बाजूंना हव्यात, आणि शेजारच्या कारखान्यात काय साठवलेलं असतं ते सुरक्षा अधिकाऱ्याने आधीच विचारून ठेवलेलं हवं.