जाड भिंतीच्या आतला ताण

दोन्ही टोकं बंद असलेला पोलादी सिलिंडर घ्या. आतली त्रिज्या ५० मिमी, बाहेरची १०० मिमी आणि आत १०० मेगापास्कल दाब. सॉफ्टवेअरनं गणित सोडवलं की पडद्यावर सिलिंडर बाहेरूनच दिसतो. टोकांपासून दूर, बाहेरच्या पृष्ठभागावर व्हॉन मिसेस ताण असतो जेमतेम ५८ मेगापास्कल. साध्या बांधकामी पोलादाची यील्ड मर्यादा २५० च्या आसपास, त्यामुळे सगळं निवांत वाटतं. पण आतल्या पृष्ठभागावर तोच ताण २३१ असतो, म्हणजे चौपट. तो पाहायचा तर मॉडेल कापावंच लागतं.

कापणं म्हणजे एक पातळी ठरवणं. तिच्यावरचा एक बिंदू आणि तिची लंबदिशा दिली की झालं. गणित पुन्हा सुटत नाही. सुटलेल्या उत्तरांतूनच चित्र तयार होतं. पॅराव्ह्यू या उत्तरं चित्ररूपात दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये यासाठी दोन वेगळी साधनं आहेत. ‘स्लाइस’ पातळीवरचा पातळ काप तेवढा ठेवतं. ‘क्लिप’ एका बाजूचं मॉडेल काढून टाकतं आणि उरलेलं घनरूपात दाखवतं. गणितासाठी मॉडेलचे छोटे तुकडे, म्हणजे एलिमेंट, पाडलेले असतात; पातळी एलिमेंटच्या मधून गेली, तर तिथले आकडे भोवतालच्या नोड्सवरून, म्हणजे त्या तुकड्यांना जोडणाऱ्या बिंदूंवरून, अंतर्वेशनानं काढलेले असतात. म्हणून मी आधी क्लिपमधला ‘क्रिंकल क्लिप’ हा पर्याय लावून पाहावा असं म्हणेन. त्यात एलिमेंट चिरली जात नाहीत, कडा खडबडीत दिसते आणि भिंतीच्या जाडीत एलिमेंटचे किती थर आहेत ते सरळ मोजता येतं.

पातळी अक्षाला काटकोनात हवी. तिरकी धरली तर वर्तुळाची लंबवर्तुळं होतात आणि भिंत काही ठिकाणी आहे त्यापेक्षा जाड भासते.

खरी फसगत होते ती ताणाचा घटक निवडताना. काटकोनी कापावर क्ष-दिशेचा ताण रंगवला, तर आतल्या कडेवर एका जागी अधिक १६७ आणि तिथून पाव फेरी पुढे उणे १०० दिसतं. भार सगळीकडे सारखा असताना हे कसं? सिलिंडरच्या माथ्यावर क्ष-दिशा परिघाला स्पर्शून जाते, म्हणून तिथे परिघीय ताण दिसतो. बाजूला तीच दिशा त्रिज्येवर येते आणि आतल्या दाबाचं दडपण दिसतं. उत्तर बरोबरच असतं, प्रश्न चुकीच्या अक्षांत विचारलेला असतो. दंडगोलीय निर्देशक पद्धत निवडली की पूर्ण कडेवर एकच रंग येतो.

रंगपट्टीच्या मर्यादाही तपासा. त्या अख्ख्या मॉडेलच्या असतील आणि एखाद्या कोपऱ्यात ताण भरमसाट वाढलेला असेल, तर तुमचा काप एकाच निळ्या छटेत बुडून जातो. दोन वेगवेगळ्या धातूंच्या सांध्यावर नोडवर होणारी शेजारच्या एलिमेंटच्या ताणांची सरासरी बंद करून पाहावं. तिथे ताणात खरोखरच उडी असू शकते आणि सरासरी ती पुसून टाकते.

शेवटी रंगांवर न थांबता आतून बाहेर त्रिज्येवर एक रेघ ओढून तिच्यावरचा आलेख काढा. जाड भिंतीच्या सिलिंडरसाठीच्या लामेच्या सूत्रानुसार परिघीय ताण आत १६७, बाहेर ६७ आणि बरोबर मध्यावर ९३ हवा. दोन टोकांची नुसती सरासरी ११७ होते. तुमचा आलेख मध्यावर ११७ च्या जवळ जात असेल, तर जाडीत एलिमेंट कमी पडली आहेत. थर वाढवून गणित पुन्हा सोडवा.