पीएसएचा आकडा आणि विम्याचा अर्ज

पन्नाशी ओलांडलेला माणूस रात्री तीनदा लघवीला उठतो आणि ‘वय झालं’ म्हणून गप्प बसतो. पुढे आयुर्विम्याच्या अर्जातही तेच: तक्रार? नाही.

अक्रोडाएवढी प्रोस्टेट ग्रंथी वयानुसार वाढते. ही साधी वाढ म्हणजे कर्करोग नव्हे; तेवढ्यावरून विमा सहसा अडत नाही. अडतो तो पीएसएवर. हे प्रथिन ग्रंथीतच तयार होतं. रक्तात ते मिलिलिटरमागे 4 नॅनोग्रॅमच्या वर गेलं, की कंपनी बहुधा पुढचे रिपोर्ट मागते. पण जंतुसंसर्गाने, साध्या वाढीने, नुकत्याच घातलेल्या कॅथेटरनेही आकडा चढतो. उलट, साध्या वाढीवर दिली जाणारी फिनास्टेराइडची गोळी काही महिने घेतली की तो जवळपास निम्म्यावर येतो. म्हणजे गोळी लपवली तर 3 हा आकडा निर्धास्त वाटतो, प्रत्यक्षात तो 6 च्या घरातला असू शकतो. मला ही लपवाछपवी फार धोक्याची वाटते, विम्यापेक्षा जिवाला.

आणि विम्यालाही. विमा कायद्याच्या कलम 45 नुसार पहिल्या तीन वर्षांत, महत्त्वाची माहिती दडवल्याचं कारण देऊन कंपनी पॉलिसी रद्द करू शकते. तेव्हा दाव्याचे कागद घेऊन घरची माणसं खेटे घालतात.