रस्त्यावर गाड्या मोजतात, पण त्या चालल्या कुठे हे कसं कळतं?

बुलढाणा : रस्त्याच्या कडेला खुर्ची टाकून, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या रेघा ओढणारी माणसं अनेकांनी पाहिली असतील. ही वाहतूक गणना. रस्ता रुंद करायचा की बायपास काढायचा, हे ठरवताना हेच आकडे पाहिले जातात.

मोजतात कसं?

इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषानुसार वर्षातून किमान दोनदा, सलग ७ दिवस, २४ तास मोजणी करायची असते. एकदा सुगीत, माल बाजारात जातो तेव्हा आणि एकदा मंदीच्या दिवसांत. कारण खामगावच्या बाजारात कापूस येतो तेव्हाची गर्दी वर्षभर राहत नाही. गाड्यांचं मापही ठरलेलं आहे : कार १, दुचाकी अर्धा, ट्रक किंवा एसटी ३, ट्रॉलीसह ट्रॅक्टर साडेचार आणि मोठी बैलगाडी ८.

अडचण कुठे आहे?

समजा, बुलढाणा ते मोताळा रस्त्यावर १,००० गाड्या मोजल्या आणि मोताळा ते मलकापूरही १,०००च. याचे दोन अर्थ निघतात. सगळ्या गाड्या थेट मलकापूरला गेल्या, किंवा सगळ्या मोताळ्यात थांबल्या आणि तिथून दुसऱ्याच १,००० निघाल्या. पहिल्या बाबतीत बायपास कामाचा. दुसऱ्या बाबतीत बायपास रिकामा राहील आणि कोंडी गावातच. आकडा एक, उपाय वेगळे!

मग मार्ग काय?

काही गाड्या थांबवून ‘कुठून आलात, कुठे चाललात?’ असं विचारतात. त्यावरून कोणत्या गावाहून कुठे किती प्रवास होतो, याचा अंदाज बांधतात. तो रस्त्यावरच्या मोजणीशी ताडून पाहतात आणि दोन्ही जुळेपर्यंत दुरुस्त करतात. पण मुळातली उत्तरं चुकीची असतील, तर बेरीज जुळूनही चित्र चुकतं.

समृद्धी महामार्गावर हे काम सोपं आहे. तिथं टोल अंतरावर असल्याने गाडी कुठे चढली, कुठे उतरली याची नोंद राहते. तालुक्याच्या आणि गावच्या रस्त्यांवर ही सोय नाही.

गावकऱ्यांनी काय करावं?

सर्व्हेवाल्यांनी विचारलं तर खरं ठिकाण सांगावं. रस्त्याचा प्रस्ताव आला की ग्रामसभेत तीन प्रश्न विचारावेत : मोजणी कोणत्या महिन्यात झाली? त्यात बाजाराचा दिवस होता का? आणि गाडीवाल्यांना ‘कुठे चाललात’ हे विचारलं होतं का?